श्रावण खंडारे आणि थंड गाडी

श्रावण खंडारेच्या सदऱ्यावर मी कधी तेलाचा डाग पाहिला नाही. सात वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. तो पाठीवर सरकत गाडीखाली जायचा, इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचा आणि बाहेर यायचा तेव्हा बाह्यांच्या गुंड्या लावलेल्या, सदरा पांढराच. मी नुसता इंजिनाजवळून गेलो तरी माझी बायको संध्याकाळी माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकायची. हा माणूस तुला का सहन होत नव्हता, असं कोणी विचारलं तर मी या सदऱ्यापासून सुरुवात करीन. खरी कारणं त्याच्या मागं बरीच होती.

कारंज्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी फिटर होतो. तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा फार नंतर झाला. माझं गाव इंझोरी. आयटीआयचं सर्टिफिकेट मी काचेच्या फ्रेममध्ये घालून वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलं होतं. आमच्या घराण्यात इंग्रजी वाचू शकणारा मी पहिला. श्रावण कामरगावचा, चौथी शिकलेला. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्याच्या बापाची गाण्याची पार्टी होती आणि पार्टीची बाजापेटी दुरुस्त करता करता हा पेट्यांचा कारागीर झाला. मानोऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत कोणाची पेटी धापा टाकायला लागली की श्रावण सायकलवर जायचा. पण पेट्यांवर घर चालत नव्हतं, म्हणून आमच्याकडे रुईची गाठोडी उचलायला लागला.

त्याच्या खिशात हातभर लांबीची रबरी नळी असायची. एक टोक कानात, दुसरं टोक पेटीच्या भात्यावर फिरवायचं. हवा कुठून गळते ते त्याला त्यात ऐकू यायचं. कोणी घाई केली की म्हणायचा, "आंधी आइकू द्या. मंग खोलू." हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की पुढं पुढं तो तोंड उघडायच्या आधीच माझे दात आवळले जायचे.

त्याला गाठोड्यांवरून वर्कशॉपमध्ये आणलं तेही या नळीनंच. आमचं मोठं तेलाचं इंजिन एकदा ऐन हंगामात ढेपाळलं. मी पाने घेऊन पहिल्या सिलिंडरचं डोकं खोलायला बसलो. श्रावण डोक्यावरचं गाठोडं उतरवून जवळ आला, नळी कानाला लावली आणि इंजिनाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मिस्त्री, हवा तिसऱ्यातून जाऊन राह्यली."

"तू तुयं गाठोडं पाह्य," मी म्हणालो.

तो गेला. मी अर्धा दिवस घालवून पहिला सिलिंडर खोलला, पुसला, परत बसवला. मग दुसरा. गळती तिसऱ्यात निघाली. कारखान्याचे मालक शेठजी मागं खुर्ची टाकून बसलेच होते. दुसऱ्या दिवशी श्रावण वर्कशॉपमध्ये माझ्याशेजारी उभा होता, पांढरा सदरा घालून.

मला तो सुरुवातीपासून 'मिस्त्री' म्हणायचा आणि 'तुमी' म्हणायचा. चहा बशीत ओतून पूर्ण गार होऊ द्यायचा, मग एका घोटात प्यायचा. कपबशी मात्र घरून आणलेली, स्वतःची. आमच्या वर्कशॉपच्या फळीवर चार कप होते, त्यातल्या एकालाही त्यानं कधी हात लावला नाही आणि आमच्यापैकी कोणी 'घे ना' असंही कधी म्हटलं नाही. त्याच्याबद्दल माझ्या पोटात जे दुखायचं, त्यात हुशारीचा भाग किती आणि या फळीचा किती, हे मी तेव्हा वेगळं करून पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. हुशार माणूस खालच्या आळीतून आला की आम्हाला जास्त बोचायचा, एवढं आज सरळ सांगतो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. शेठजींनी मुंबईच्या लिलावातून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. कुठल्याशा परदेशी वकिलातीची होती. फिकट हिरवी, दोन बैलगाड्या एकापुढं एक ठेवाव्यात एवढी लांब, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. शेठजींचा शौक नव्हता तो. त्यांच्या आईला, सगळे त्यांना बाईजी म्हणायचे, छातीचा आजार होता. ऊन लागलं की घेरी यायची. आणि डॉक्टर अमरावतीला. जीपनं नेताना एकदा वाटेतच पडल्या होत्या. या गाडीत थंड हवेचं यंत्र होतं, म्हणून ती आणली.

नुसतं थंड हवेचं यंत्र असतं तर मला कळलं असतं. या गाडीत डायल होता. त्यावर पासष्टपासून पंच्याऐंशीपर्यंत आकडे, फॅरनहाइटचे. आपल्याला हवा तो आकडा लावायचा आणि हात काढून घ्यायचा. मग बाहेर लू वाहू दे की थंडी पडू दे, गाडी आपली आपण आत तेवढंच हवामान ठेवणार. ड्रायव्हर रहीमभाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्कशॉपमधले सगळे हसले. श्रावण हसला नाही. त्यानं विचारलं, "तिले कसं कळते?"

हा प्रश्न घेऊन तो चार महिने जगला. दुपारच्या सुट्टीत बाकीचे झोपायचे, हा गाडीच्या नाकापाशी पालथा. सीटवर कधी बसायचा नाही. दार उघडून खाली पाय ठेवायच्या जागी डोकं टेकवायचा आणि डॅशबोर्डच्या पोटात पाहत राहायचा. तिथं बारीक रबरी नळ्यांचं जाळं होतं, लाल, पांढऱ्या, निळ्या रेघांच्या. इंजिन चालताना हवा आत ओढतं. ती ओढ या नळ्यांमधून आत नेलेली होती आणि तिच्या जोरावर आतल्या पत्र्याच्या झडपा हलायच्या. मला हे पाहून धडकी भरली. एवढी नाजूक कामं आयटीआयत शिकवलेली नव्हती. श्रावणला मात्र तिथं घरी आल्यासारखं वाटलं. "अथी त पेटीच हाये," तो म्हणाला. "भाता उलटा हाये फकस्त. पेटी हवा ढकलते, हे ओढते."

पहिली खोड चढावर सापडली. मानोऱ्याच्या रस्त्यावर चढ लागला की समोरून येणारी गार हवा एकदम बंद व्हायची आणि काचेखालून वर जायची. उतार लागला की परत समोरून. मी म्हणालो इंजिन म्हातारं झालं. श्रावणनं रहीमभाईंना तोच चढ पाच वेळा चढायला लावला, स्वतः नळी कानात घालून खाली आडवा. मग येऊन मला म्हणाला, "मिस्त्री, चढावर इंजिनाले जोर लागते. तवा त्याची ओढ मरते. तेवढ्या वेळापुरती ओढ साठवून ठेवाले हा पत्र्याचा गोळा देला हाये. पन त्याच्या तोंडातली झडप झिजली. ओढ परत निघून जाते."

परदेशातून सामान येणं शक्यच नव्हतं. त्यानं घरून जुन्या पेटीच्या भात्याचं चामडं आणलं, मऊसर, पोपडा न आलेलं. नखाएवढी चकती कापली, ओठांना लावून ओलसर केली आणि गोळ्याच्या तोंडात बसवली. संध्याकाळी गाडी चढ चढली आणि गार हवा समोरूनच येत राहिली.

शेठजींनी त्याला पुढच्या सीटवर बसवून गावातून फिरवलं. बाजाराच्या रस्त्यानं. मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो. अकरा वर्षांच्या नोकरीत मला शेठजींनी कुठल्याच गाडीत बसायला सांगितलं नव्हतं, आणि मी मागितलंही नव्हतं. पण त्या दिवशी तो हिरवा पत्रा माझ्यासमोरून गेला, आत श्रावण दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसलेला. घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, मी म्हणालो पित्त झालं.

गाडीच्या कप्प्यात एक पुस्तक होतं, यंत्राची माहिती देणारं, इंग्रजीत. शेठजींनी मला हुकूम केला, "मधुकर, तू वाच आणि श्रावणला समजावून सांग." म्हणजे शिकलेला मी, आणि काम मला मिळालं वाचून दाखवायचं. रोज दुपारी आम्ही गाडीच्या सावलीत बसायचो. मी वाचून मराठीत सांगायचो. त्याला एकदा सांगितलं की पुरायचं. तो खडूनं फरशीवर तीन गोल काढायचा आणि मी सांगितलेलं मलाच परत सांगायचा, माझ्यापेक्षा सोपं करून.

"पाहा मिस्त्री. बाहीर एक डोळा हाये, त्याले बाहीरचं ऊन कळते. आत एक डोळा हाये, त्याले आतलं कळते. आन हा डायल म्हंजे बसनाऱ्याचं मन. तिघायची बेरीज होते. जशी बेरीज येईन, तशी ते रबराची डबी कमीजास्त ओढून घेते आन मधातली झडप हालते. एकीकून बर्फाची हवा, दुसरीकून इंजिनाच्या गरम पान्याची हवा. दोन्ही संगंच चालू. झडप जशी हालन तशी भेसळ."

खरंच एवढंच होतं ते. मी पुस्तकात तीन दिवस धडपडत होतो आणि त्यानं ते तीन गोलांत बसवलं.

त्याच दिवशी मी पुढचं पान अर्धवट उचलून माझ्याकडे वळवलं आणि चित्रात मला ती गोष्ट दिसली. आतला डोळा डॅशबोर्डच्या मागं असतो. तिथं इंजिनाची आणि उन्हाची धग पोचते. म्हणून डॅशबोर्डवर एक छोटी जाळी दिलेली असते आणि जाळीमागून एक नळी. ती नळी बसणाऱ्या माणसांजवळची हवा सतत ओढून त्या डोळ्यावरून नेते. ती नळी निसटली तर आतल्या डोळ्याला फक्त धग कळणार, गाडी तापली आहे असं त्याला वाटणार आणि यंत्र गारच करत सुटणार. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं होतं. मी मनात वाचलं. श्रावण माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी दोन्ही पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला लागलो.

त्या क्षणी मी फार काही ठरवलं होतं असं नाही. एक गोष्ट तरी माझ्याकडे असावी, जी त्याच्याकडे नाही, एवढंच वाटलं. पुढं काय होणार ते मला माहीत नव्हतं.

पुढं मे महिना आला आणि बाईजींना अमरावतीला न्यायचा दिवस ठरला. शेठजींनी डायल पंचाहत्तरवर लावला. निघताना सगळं ठीक होतं. अर्ध्या वाटेत गाडी गार होत गेली. शेठजींनी डायल ऐंशी केला, पंच्याऐंशी केला, गारवा वाढतच गेला. बंद करावं तर दहा मिनिटांत भट्टी आणि बाईजींना घेरी. चालू करावं तर बर्फ. असं चालू-बंद करत ते जाऊन आले. परत आल्यावर रहीमभाई आणि शेठजींनी बाईजींना दोन बाजूंनी धरून उतरवलं. अंगावर रहीमभाईंचा रुमाल, शेठजींचा कोट, सीटवरची चादर, सगळं गुंडाळलेलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि म्हातारीचे दात वाजत होते. आठ दिवस त्या तापात होत्या.

मला तेव्हाच कळलं होतं काय झालं ते. नळी निसटली असणार. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी बोललो नाही, कारण माझ्या मनात आता एक बेत तयार झाला होता. श्रावणला जमणार नाही, तो हात टेकेल, शेठजी मला बोलावतील, आणि मी दोन मिनिटांत नळी बसवून देईन. मग पुढच्या सीटवर कोण बसतं ते पाहू. बाईजी तापात कण्हत असताना मी हा विचार करत होतो. लिहितानाही हात थांबतो, पण खोटं लिहून काय करू.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. बाईजी म्हणाल्या, "मेले तरी त्या पेटीत बसणार नाही." शेठजी वर्कशॉपमध्ये आले. "श्रावण, वो सब काढून टाक. भंगारात दे."

"शेठजी, आठ दिवस द्या," श्रावण म्हणाला.

"आणि नाही झालं तर?"

"त मीच काढून देतो."

त्यानं गाडी उन्हात उभी केली, इंजिन चालू ठेवलं, डायल ऐंशीवर लावला, काचा लावल्या आणि आत जाऊन बसला. पहिले पाच दिवस काही निघालं नाही. तो थंडीनं कुडकुडत बाहेर यायचा, उन्हात उभा राहायचा, परत आत. मी माझ्या टेबलाशी बसून दिवस मोजत होतो. सहाव्या दिवशी त्यानं घरून खोबरेल तेल आणलं. औषधाच्या बाटल्यांची चार बुचं घेतली, त्यांत थोडं थोडं तेल ओतलं. एक मागच्या सीटवर, एक पुढच्या, एक पायाशी आणि एक डॅशबोर्डच्या मागं, जिथं आतला डोळा होता तिथं.

"तेल कायले?" मी विचारलं.

"आपल्या उन्हाळ्यात खोबरेल पान्यासारखं असते, मिस्त्री. थंडीत थिजते. आता ते सांगन कोठी थंडी हाये आन कोठी नाई."

अर्ध्या तासानं त्यानं दारं उघडली. सीटवरची दोन्ही बुचं आणि पायाशी ठेवलेलं, तिन्ही तुपासारखी पांढरी झाली होती. डॅशबोर्डमागचं बूच त्यानं जपून बाहेर काढलं. तेल पातळ होतं, बोटाला गरम लागत होतं.

"आंग गारठलं आन नाक तापून राह्यलं," तो स्वतःशीच म्हणाला. "मंग हे बिचारी काय करीन? तिले वाटते सगळेच तापले."

मग त्याची नजर त्या छोट्या जाळीवर गेली. तिच्यामागं भोंगा नाही, दिवा नाही. "जाळी देली म्हंजे अथून काही तरी जात असन नाई त येत असन." त्यानं उदबत्ती पेटवली आणि जाळीसमोर धरली. धूर सरळ वर गेला. जाळीकडे वळलासुद्धा नाही. श्रावणनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डॅशबोर्डच्या पोटात हात घातला. कोपरापर्यंत. हात बाहेर आला तेव्हा त्याच्या चिमटीत उंदरानं कुरतडलेला नळीचा तुकडा होता.

सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून त्यानं नळी केली. परत उदबत्ती धरली. धुराची रेघ वाकली आणि जाळीत शिरली. पाऊण तासानं सीटवरचं तेल वितळायला लागलं होतं.

माझ्या हातातून माझी एकुलती एक गोष्ट गेली होती. आणि ती त्यानं पुस्तकाशिवाय, दोन पैशांच्या तेलानं मिळवली होती. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या वेळी फक्त जळलो.

बाईजी तरीही तयार नव्हत्या. शेठजींनी श्रावणला बंगल्यावर बोलावलं, मीही मागं गेलो. बाईजी ओसरीवर पलंगावर होत्या. श्रावणनं पायरीखाली उभं राहून सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "तू फार सांगतो. तुझी आई असती तर बसवलं असतं का या गाडीत?"

"हाये ना बाईजी. कामरगावले हाये."

"मग तिला बसव आधी."

मला वाटलं त्या रागानं बोलल्या. शेठजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते काही तरी बोलायला गेले. पण श्रावण "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, तो मायला घेऊन आला. बारीकशी म्हातारी, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पायांत टायरच्या चपला. बंगल्यासमोर गाडी उभी होती. श्रावणनं मागचं दार उघडलं. म्हातारीनं चपला बाहेर काढल्या. "घालून बस माय," तो म्हणाला, पण तिनं त्या हातात घेतल्या आणि मागच्या सीटवर बसली. बाईजींच्या जागेवर.

शेठजी खाली पाहत होते. घरातल्या बायका खिडकीत होत्या. रहीमभाईंनी गाडी काढली, मूर्तिजापूरच्या रस्त्याला गेले, तासाभरानं परत आले. दार उघडलं तर म्हातारी झोपलेली. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, चपला मांडीवर. श्रावणनं खांद्याला हात लावून उठवलं. ती उतरली, इकडंतिकडं पाहिलं आणि ओसरीकडे पाहून बाईजींना म्हणाली, "बसा वो बाई. मस्त झोप लागते."

बाईजी सुनेला म्हणाल्या, "यांना पाणी दे. आणि माझी पिशवी आण." पाणी आलं, पितळी तांब्यातून, आणि पेला हातात दिला गेला, वरून ओतलं गेलं नाही. बाईजी पायऱ्या उतरल्या आणि त्याच सीटवर, सीट पुसू न देता, जाऊन बसल्या.

माझी आई तेव्हा इंझोरीला होती. ती जन्मात कधी मोटारीत बसली नव्हती, आणि पुढं बसलीही नाही. श्रावणची माय पेल्यानं पाणी पीत होती आणि मी माझ्या आईचा विचार करत होतो. त्या दिवसाइतका हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नाही.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच होतो. तो हात धूत होता. पाठमोराच म्हणाला, "मधुकर."

त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"तेरानंतर तू सोळावर गेला."

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"इंग्रजी मले येत नाई. आकडे येतात. पान्यांवर तेच असतात." पाने म्हणजे आमचे नटबोल्टचे पाने. "बारा-तेरा पाहून झाले, आन तू सोळा-सतरा खोलले. चौदा-पंधरा नाई दिसले मले."

"मंग तवाच काहून नाई बोलला?"

त्यानं हात सदऱ्याला न लावता झटकले. "पाहू म्हनलं, तुयाबिगर जमते का."

"आन म्हातारीले ताप आला ते?"

हे मी बोलायला नको होतं. तो वळला. "थे तुयं बी हाये आन मायं बी हाये," तो म्हणाला. "मी मांगतलं असतं त तू पान दाखवलं असतं का नाई, माहीत नाई. पन मी मांगतलं नाई. मलेबी तुयाकून घ्याचं नव्हतं." मग त्यानं आपली कपबशी कापडात गुंडाळली आणि निघून गेला.

इतकी वर्षं मी समजत होतो की जळणारा मी एकटाच. त्यालाही माझी ती फ्रेम रोज दिसत होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मी त्याला कमी लेखू नये म्हणून त्यानंही जीव टाकला, यात मला समाधान मिळालं नाही. त्याचा हट्ट उजेडात जिंकला होता आणि माझा पुस्तकात दडून बसला होता.

त्यानंतर वर्षभर आम्ही कामापुरतं बोललो. शेठजींना त्यानं काही सांगितलं नाही, निदान मला तसं कधी जाणवलं नाही. मग नागपूरला संत्र्यांच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं शेठजींकडे ती गाडी पाहिली, श्रावणची हकिकत ऐकली आणि त्याला मागून घेतलं. जायच्या दिवशी तो सगळ्यांना भेटला. मला म्हणाला, "येतो, मिस्त्री." परत मिस्त्री. मी "बरं" म्हणालो आणि खाली वाकून कानशीनं लोखंड घासत राहिलो.

तो गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. आता पुस्तक मी पूर्ण वाचलं, चौदा-पंधरासकट. बारीकसारीक दुरुस्त्या केल्या. पण दोन वर्षांनी ती रबराची डबीच फाटली आणि माझ्यानं ती काही केल्या जुळेना. बाईजींची तब्येत उतरत होती. शेठजी म्हणाले, "मधुकर, तू स्वतः जा. त्याला सांग, मागेल तेवढा पगार देतो, राहायला खोली देतो. परत ये म्हणावं. नाही तर चार दिवस तरी ये."

एस.टी.नं नागपूरला पोचलो तेव्हा दुपार होती. पत्ता सापडला. रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीच्या सावलीत उभा राहून मी समोरच्या इमारतीकडे पाहिलं. जाडजूड लाकडी दार होतं. रस्ता ओलांडायचं मनात होतं, पण आधी एक पान लावायला सांगितलं. तेवढ्यात दार उघडलं आणि श्रावण बाहेर आला. मे महिन्यात अंगात लोकरीचा जाड स्वेटर, डोक्याला कानटोपी. मागोमाग तीन-चार माणसं, तीही तशीच. तो हातानं काही तरी समजावत होता, ती माना हलवत होती. बोलणं संपलं, ती आत गेली. तो एकटाच उन्हात राहिला. कानटोपी काढली, डोळे मिटले आणि तोंड वर करून ऊन घेत उभा राहिला. अंगानं भरला होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते.

आतून कोणी तरी हाक मारली, "खंडारे साहेब, जरा येता का?"

"आलो," तो म्हणाला. कानटोपी घातली आणि आत गेला. दार लागता लागता आतली गार हवा बाहेर आली, रस्त्यावरून माझ्या पायांपर्यंत पोचली आणि उन्हात विरली.

मी स्टँडकडे निघालो. शेठजींना जाऊन सांगितलं, भेटला नाही.